पडद्याआडच्या माणसाचं नाटक

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या आमच्या घरात एकच खोली होती आणि त्या खोलीत माग होता. उरलेल्या जागेत आम्ही होतो. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आई भिंतीला टेकून सुताच्या कांड्या भरायची, आणि मी चुलीजवळ पोत्यावर अभ्यास करायचे. पाहुणा आला की त्याला दारातच बसवावं लागायचं. व्यापारी सूत द्यायचा, बाबा विणून द्यायचे. सूत आलं नाही त्या आठवड्यात आई भातात पाणी जास्त घालायची आणि म्हणायची, "आज पेज खा, पोटाले थंड राह्यते." मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं.

मी नववीत असताना सूत यायचं जे बंद झालं ते पुन्हा आलं नाही. लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. बाबांनी दोन पावसाळे वाट पाहिली. मग एक दिवस माग उकलला. लाकूड चांगलं सागाचं होतं, पण मागाचं लाकूड भोकाभोकांचं असतं, ते कोणी घेईना. शेवटी आईने ते चुलीत घातलं. त्यावर शिजलेलं बाबांनी दोन दिवस खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं. आई बिड्या वळायला लागली.

बाबा सातवी पास होते आणि त्यांचं अक्षर देखणं होतं. त्या अक्षरामुळे आणि खणखणीत आवाजामुळे त्यांना दुसरं एक काम मिळालं होतं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, लेकीजावई, रात्री नाटक. होळीपर्यंत हाच हंगाम. नाटक कंपन्या आज या गावात, उद्या त्या गावात असतात, तालमीला वेळ नसतो. म्हणून पडद्याच्या आड एक माणूस नाटकाची वही घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी हळूच म्हणतो. नट ते ऐकतो आणि मोठ्याने म्हणतो. त्या आडच्या माणसाला प्रॉम्प्टर म्हणतात. माझे बाबा वीस हंगाम प्रॉम्प्टर होते. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. सगळं नाटक ते बोलायचे आणि प्रेक्षकांतल्या कोणीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्यांची इतकी नाटकं तोंडातून गेल्यावर त्यांनी स्वतःचं एक लिहिलं. माग बंद पडला होता तेव्हाच, माझ्या शाळेच्या वह्यांत उरलेली कोरी पानं फाडून, शिवून. विणकराची एक म्हातारी विधवा, आणि तिच्या बसल्या जागेखालून घर विकायला निघालेली दोन पोरं. नाटकाचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे. पण त्यातलं म्हातारीचं एक वाक्य आमच्या गावात पोराटोरांना पाठ होतं: "घर इकशीन, वावर इकशीन. मले कोन घेईन, ते सांग पहिले!"

पहिला प्रयोग आमच्याच गावच्या मंडळाने मंडईत केला. आठ पात्रं. म्हातारीच्या कामासाठी बाहेरून एक नटी आणली होती, बाकी सगळे गावचेच. आमच्याकडे पूर्ण नाटक कोणाला देत नाहीत. प्रत्येकजण बाबांसमोर बसून आपल्यापुरतं उतरवून घ्यायचा: आपली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे आपण कधी तोंड उघडायचं ते कळतं. त्याला नक्कल म्हणतात. अख्खं नाटक फक्त बाबांच्या वहीत होतं.

तो खेळ एका कंपनीच्या मालकाने पाहिला. दोन दिवसांनी भरदुपारी त्याची जीप आमच्या दाराशी आली. त्याने बाबांच्या खांद्यावर शेला घातला, हातात नारळ दिला. आमच्या दारात इतकी माणसं कधी जमली नव्हती.

"मास्तर, तुमी तं छुपे रुस्तम निघाले," मालक म्हणाला. "वही द्या. वाचतो, कंपनीत लावतो. पुढच्या हंगामात बोर्डावर तुमचं नाव."

बाबा वही आणायला आत आले. मी तेव्हा भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, मी झेरॉक्स काढून आणते, मग द्या. नाहीतर एक कागद लिहून घ्या."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला घास काढला होता. "अंगावर शेला घातला ना त्यानं. त्याले मी आता पावती मागू? चार लोकांत?"

आमच्याकडे हे असंच असतं. ज्याने मान दिला त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मी शिकलेली होते, घरातली पहिली कॉलेजात गेलेली, आणि मी गप्प बसले. वही गेली.

पुढच्या हंगामात नाटक लागलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा विचारायचे, तेव्हा मालक "वाचून राह्यलो मास्तर" म्हणायचा. नंतर बाबांना विचारता येणं बंद झालं. त्यांना तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची सवय होती. जीभ आधी पांढरी झाली, मग दुखायला लागली. नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा जिभेचा मोठा भाग काढावा लागला. आवाज राहिला, शब्द राहिले नाहीत. काही सांगायचं असलं की ते कागदावर लिहायचे. अक्षर तसंच देखणं होतं.

मी तोवर पदवी घेऊन साकोलीला लागले होते. बसस्टँडजवळच्या एका दुकानात, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. आमच्या सात पिढ्यांत पदवीधर मीच, आणि पदवी घेऊन मी लोकांचे जातीचे दाखले भरत होते. मला त्याची लाज नव्हती. भाड्याची खोली होती, महिन्याला घरी औषधाला पाठवता येत होतं.

दिवाळीनंतरची सकाळ होती. दुकानासमोरून नाटकाच्या प्रचाराची गाडी गेली. भोंग्यावर बाईचा आवाज आला: "घर इकशीन, वावर इकशीन. मले कोन घेईन, ते सांग पहिले!" आणि मग निवेदक नाटकाचं नाव सांगायला लागला. नाव भलतंच होतं.

माझ्या हातात कोणाचं तरी आधार कार्ड होतं. ते मशीनवरच ठेवून मी गाडीच्या मागे धावले. गाडीच्या बाजूला बोर्ड होता. लेखक, दिग्दर्शक, निर्माता: तिन्ही ठिकाणी मालकाचंच नाव.

रविवारी घरी गेले. बाबांना कसं सांगावं ते सुचत नव्हतं. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि कागद घेतला. "मले माहीत हाय. मागच्या मंडईपासून." त्यांच्या ओळखीच्या एका प्रॉम्प्टरनेच सांगितलं होतं, कारण त्या पोराला वही वाचताना अक्षर ओळखू आलं होतं. म्हणजे माझ्या बाबांच्या हातची वही घेऊन दुसरा माणूस पडद्याआड बसत होता.

"मंग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

त्यांनी लिहिलं: "तू काय करशीन?"

आई बिड्यांचं सूप घेऊन उठून गेली. तेव्हा त्यांनी खाली एक ओळ लिहिली: "मी असेपर्यंत एकदा नाव लागलं पाहिजे."

तो कागद माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी जे काही केलं ते त्या एका ओळीसाठी. डॉक्टरांनी पुढच्या दिवाळीबद्दल आम्हाला काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आधी मालकाकडे गेले. बुकिंगच्या ऑफिसात तो फोनवर तारखा देत होता. मला पाहून त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला.

"मास्तर कसे हायेत?"

"बोलता येत नाही. तुम्ही बोर्डावर त्यांचं नाव लावा, काका. दुसरं काही मागत नाही."

"कोन्त्या बोर्डावर?"

मी सांगितलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. "हे पाह्य बेटा. नाव बदललं, चार गाणे टाकले, कॉमेडी टाकली. त्याच्याविना आजकाल कोन पाह्यते? आता त्यात तुह्या बापाचं राह्यलं काय?"

"संवाद."

"संवाद का सातबारा हाय? त्याच्यावर का नाव चढते?" मग त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर त्याच्याच नाटकाचा कोणीतरी प्रेक्षकांतून काढलेला व्हिडिओ चालू होता. "हे पाह्य. मी खेळ करतो, दुसऱ्या दिवशी लोक पूर्ण नाटक मोबाईलवर टाकते. फुकट. मी कोनाच्या मांगं धावू? माह्यावालं कोन वाचवते? सारे एकमेकाचं घेऊनच जगून राह्यले इतं."

"मग वही तरी परत द्या."

"वही?" तो म्हणाला. "कोन्ती वही?"

चहा आला होता. मी तो पिऊन उठले. का प्याले, त्याचा राग मला अजून येतो.

पोलीस ठाण्यात गेले ते पूर्ण तयारीने. कोणतं ठाणं, ते लिहीत नाही. दुसरीकडे गेले असते तरी वेगळं झालं असतं असं वाटत नाही. कॉपीराइट कायद्याची कलमं मी दुकानात छापून घेतली होती, त्रेसष्ट आणि चौसष्ट लाल पेनाने अधोरेखित. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "काय चोरी गेलं?"

"नाटक."

"कुठून?"

"कुठून म्हणजे... वहीतून."

"मग वही चोरी गेली म्हणा ना."

"नाही. वही बाबांनी स्वतः दिली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "स्वतः दिली, तर चोरी कशाची? मॅडम, मोबाईल गेला असता, मोटरसायकल गेली असती, दोन मिनिटांत लिहून घेतलं असतं. नाटक मी जप्त कुठून करू? स्टेजवरून?"

मी कलमं पुढे केली. त्यांनी खरंच वाचली, दोन्ही पानं, आणि मग म्हणाले की हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं, यात शिक्षा लिहिली आहे, तुरुंग लिहिला आहे. ते म्हणाले, "लिहिलेलं पुष्कळ असतं. माझ्या नोकरीत असली एक तक्रार आलेली नाही."

बाजूला एक हवालदार उभे होते. ते केव्हापासून माझ्याकडे निरखून पाहत होते. "ताई, तुमी साकोलीच्या झेरॉक्सवाल्या ना? बसस्टँडच्या?"

"हो."

"तरीच म्हटलं. माह्या पोरीचं भरतीचं गाईड तुमीच काढून देल्लं. पूरं पुस्तक, स्पायरल मारून. मस्त काढलं, बाप्पा." मग त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "त्याच्यावर बी हेच कलम लागते का?"

ठाण्यातले सगळे हसले. हवालदारांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर माहीत होतं. कलम तेच होतं. मी कागद घडी केले आणि बाहेर आले.

मी दुकानात पुस्तकंच्या पुस्तकं झेरॉक्स करत होते. खेड्यांवरून पोरं यायची. दहा जणांत मिळून एक गाईड विकत घ्यायची आणि नऊ प्रती आमच्याकडून काढायची. पहिलं पान मशीनवर ठेवताना त्यावर लेखकाचं नाव असायचं, ते मी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवसानंतर ते आपोआप वाचलं जायला लागलं. मी ते काम सोडलं, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. खोलीचं भाडं आणि बाबांचं औषध त्यातूनच होतं, आणि ज्या पोरांना मूळ पुस्तक परवडत नाही त्यांच्यात मीही एकेकाळी होते. पण मालकाच्या ऑफिसातलं ते बोलणं मला त्यानंतर जास्त टोचायला लागलं. सारे एकमेकाचं घेऊनच जगून राह्यले.

भंडाऱ्याला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हक्क तर लिहिल्याबरोबर तयार होतो. नोंदणी नसली तरी असतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावाही टाकता येतो. पण कोर्टासमोर ठेवणार काय? तुमच्या वडिलांचं नाटक कुठं आहे?"

मी म्हटलं, "मालकाकडे."

"तो म्हणतो वही नाहीच. मग नाटक दाखवा. नोंदणी करायची तरी नाटक जोडावं लागेल. एक पान तरी?"

एक पानही नव्हतं. मी बसमध्ये बसले आणि मोहाडी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईने विचारलं, "कोनी गेलं का, बाई?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, मला सांगता यायचं नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं की वहीशिवाय काही होत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. आईच म्हणाली, बिडीला दोरा बांधता बांधता, "आन त्या पोट्ट्यांनी उतरोलं होतं ते? आठ जनं बसले होते ना आंगणात. मीच तं चहा करून करून मेली."

बाबांनी डोळे उघडले.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीच्या प्रत्येक दिवशी एक-एक पात्र शोधत फिरले. थोरल्या मुलाचं काम केलेला आता नाकाडोंगरीला टायर पंक्चरचं दुकान चालवत होता. तुमसरहून जीपने गेले, कपडे मँगनीजच्या खाणींच्या धुळीने काळे झाले. त्याला नक्कल विचारली, तर त्याने हातातली ट्यूब पाण्यात बुडवलेली तशीच ठेवून पहिल्या अंकातलं आपलं सगळं म्हणून दाखवलं. गिऱ्हाईक ओरडलं, "भाऊ, गाडी तं सोड पहिले!" नक्कल त्याच्या घरी लग्नाच्या अल्बममध्ये होती.

धाकट्या मुलाचं काम केलेला पुण्याला कारखान्यात लागला होता, त्याने मोबाईलवर फोटो पाठवले, वरून लिहिलं, "ताई, मास्तरले माह्या पाया पडनं सांग." सावकाराचं काम केलेला वारला होता. त्याच्या बायकोने पेटीतून कागद काढले पण हातात देईना. "त्याईचं अक्षर हाय. एवढंच हाय माह्यापाशी." मी तिच्या मांडीवर कागद ठेवूनच एकेक पानाचा फोटो काढला. सरपंच झालेल्याची नक्कल त्याच्या बायकोने चूल पेटवायला वापरली होती, सुनेची वाळवीने खाल्ली होती, आणि शेजाऱ्याचं काम केलेला म्हणाला, "मी कुठं उतरोलं, मी तं मास्तरच्या भरवशावर उभा होतो." पोस्टमनचं छोटं काम होतं, ते एका पानावर सापडलं.

म्हातारीचं काम केलेली नटी साकोलीपासून दोन गावं पुढे राहत होती. तिने एक प्लास्टिकची पिशवी ओतली. तीस-चाळीस नाटकांतल्या तिच्या नकला. तीनेक मिनिटांत तिने आमची काढली.

"पन बाई, याच्यावर लेखकाचं नाव नाही हां," ती म्हणाली. "आमी कधी लिहीतच नाही. आपलं वाक्य आन समोरच्याचं शेपूट, बस."

मी सगळ्या नकला उलटून पाहिल्या. एकीवरही बाबांचं नाव नव्हतं. इतकी फिरले आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्या ओट्यावर बसून राहिले.

तिने पाणी दिलं. "रडतं काहून? कागद आन. मी लिहून देतो. मास्तरच्या आंगणात, मास्तरच्या तोंडून उतरोलं. मालक काम द्यायचा नाही मले, तं नको देऊ. आता म्हातारीचे कामं करून करून खरीच म्हातारी झाली मी."

तिने लिहून दिलं. मग बाकीच्यांनीही दिलं, नाकाडोंगरीच्या पंक्चरवाल्याने तर अंगठ्याच्या ग्रीसच्या ठशासकट. मालकाच्या विरोधात जाणारं असं लिहून देणं या धंद्यात सोपं नसतं, हे मला माहीत होतं.

पाच नकला हाती आल्या, तीन नव्हत्या. पण सापडलेल्या नकलांत समोरच्याच्या वाक्यांची शेपटं होती. म्हणजे सरपंच, सून आणि शेजारी यांच्या बऱ्याच वाक्यांचे शेवटचे शब्द आम्हाला कळत होते. सुरुवात बाबांच्या डोक्यात. मी दुकानातून रजा काढून घरी राहिले. सकाळी ऊन वर यायच्या आत बाबांना अंगणात खाटेवर टेकवून बसवायचं, मी शेपूट वाचायचं आणि त्यांनी त्याच्या आधीचं लिहायचं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांना वाक्यं सांगितली, आता मी त्यांना सांगत होते.

सरपंच आठ दिवसांत झाला. सुनेच्या वेळी त्यांनी एक मोठं वाक्य लिहिलं, ते शेपटाशी जुळेना. मी म्हटलं, "बाबा, हे नवीन आहे. सुधारू नका. तेव्हा होतं तेच पाहिजे."

त्यांनी लिहिलं: "लेखक तू हायेस का मी?"

आई हसली, मीही हसले. बाबांनाही हसू आलं होतं, पण हसलं की त्यांना दुखायचं, म्हणून ते तोंडावर पंचा धरून बसले.

शेजाऱ्यापर्यंत आलो तेव्हा पावसाळा लागला होता आणि त्यांच्या हाताला कंप सुटला होता. एका वेळी दोन ओळी, मग एक. तिसऱ्या अंकात शेजाऱ्याने पोरांना घर विकू नका असं सांगायचं असतं. मोठं भाषण होतं, मला अंधूक आठवत होतं. बाबांना आठवत नव्हतं. त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, "त्याले बोलू देऊ नको. नुसता उभा राहू दे." ते त्यांनी नाटकासाठी लिहिलेलं शेवटचं वाक्य. मी ते तसंच टाइप केलं.

कॉपीराइट नोंदणीचा अर्ज मीच भरला, दुकानातल्या त्याच संगणकावर. लेखक या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव टाकलं. सही त्यांनी केली, दोन वेळा, कारण पहिली त्यांना आवडली नाही. नाटक, नकलांच्या प्रती, लिहून दिलेले कागद, सगळं जोडून पाठवलं. अर्ज मिळाल्याचा नंबर लगेच आला. तो मी घरी जाऊन मोबाईलवर त्यांना दाखवला.

त्यांनी कागद मागितला. "झालं?"

तो नुसता नंबर होता. हरकतींसाठी महिनाभर थांबायचं होतं, त्यानंतर तपासणी, त्यानंतर काय ते मला नीट माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "झालं, बाबा."

त्यांनी तो नंबर आपल्या अक्षरात कागदावर उतरवून घेतला आणि उशाखाली ठेवला. अकरा दिवसांनी ते गेले.

त्यानंतर दिल्लीहून पत्र आलं की जोडलेल्या कागदांबद्दल खुलासा करा, आणि खाली अर्जदाराची सही हवी. अर्जदार नव्हते. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, आईची सही, प्रतिज्ञापत्र. लोकांचे दाखले मी दोन-दोन दिवसांत काढून दिलेले. आमचा निघायला तीन महिने गेले, कारण माझ्या जन्माच्या नोंदीत बाबांचं नाव अर्धंच होतं. मालकाने हरकत घेतलीच नाही. वकीलबाईंनी त्याला पाठवलेली नोटीस त्याने घेतली आणि उत्तर दिलं नाही. त्या हंगामातही ती गाडी साकोलीच्या बसस्टँडवरून तीनदा गेली. एकदा तर भोंगा बरोबर आमच्या दुकानासमोर थांबला, पुढे बैलगाडी आडवी होती म्हणून. मी शटर खाली ओढलं. आत गिऱ्हाईक होतं, ते म्हणालं, "ताई, लाईट गेली का?" मी हो म्हटलं.

आमच्या गावच्या मंडई समितीची बैठक झाली. कोणीतरी तीच कंपनी बोलवायची म्हटलं, नाटक चालतं म्हणून. पोस्टमनचं काम केलेला उठला आणि म्हणाला, "मास्तरचं नाव नसन तं आपल्या गावात नको." वाद झाला. एकाने विचारलं, कायद्याचा काय कागद आहे का. तेव्हा कागद नव्हता. समितीने दुसरी कंपनी बोलावली.

प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं. ई-मेलने आलं, मी दुकानात छापलं. एक प्रत आईला नेऊन दिली. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने नाव कुठे आहे ते विचारलं आणि मी बोट ठेवलं.

त्या प्रमाणपत्राच्या जोरावर भंडाऱ्याच्या कोर्टात दावा दाखल झाला आहे. आजवर तारखाच पडल्या आहेत. वही परत मिळालेली नाही. मालकाच्या बोर्डावर अजून त्याचंच नाव आहे आणि प्रयोग थांबलेले नाहीत. शेजाऱ्याच्या एका भाषणाची जागा सोडली तर नाटक पूर्ण आहे, त्याची सरकारदरबारी नोंद झाली आहे, आणि त्या नोंदीत लेखक म्हणून माझ्या बाबांचं नाव लागलं आहे.